साहिबांने बाण मोडले नाहीत

माझ्या भाचीने स्वतःच्या पसंतीने लग्न ठरवल्याचे घरात सांगितले, त्याला आठवडा उलटायच्या आतच आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिर्झा आणि साहिबां या पंजाबी प्रेमिकांच्या कथेवरचा एक मजकूर येऊन पडला. तो मजकूर सांगतो, की दोघे पळून जात असताना वाटेत मिर्झा झोपला, तेव्हा साहिबांने भावांच्या मायेपोटी त्याचे सगळे बाण मोडले. तो मारला गेला आणि ती सुखरूप माहेरी परतली. म्हणूनच कथेच्या नावात तिला दुसरे स्थान मिळाले. पंजाबी प्रेमकथांतल्या सगळ्याच नायिकांनी पुरुषांचा घात केला. आणि ‘माहेरात जीव अडकलेली मुलगी नवऱ्याची कधीच होत नाही’. हे शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत होते. त्या रात्री भाचीने फोन करून विचारले, “मावशी, गोष्टीत खरंच असं आहे का?” तिला जे सांगितले तेच इथे लिहिते आहे.

आधी बाणांचे पाहू, कारण सगळा आरोप त्यांच्यावरच उभा आहे. बाण मोडल्याचा प्रसंग आज गाण्यांतून आणि चित्रपटांतून सर्रास ऐकू येतो, हे खरे आहे. परंतु या कथेचा सर्वांत जुना उपलब्ध किस्सा, म्हणजे पंजाबी कथाकाव्य, पीलू या कवीचा मानला जातो. रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८४ ते १९०० या काळात पंजाबातल्या लोककथांचे तीन खंड प्रसिद्ध केले, त्यांत लोकांच्या तोंडून उतरवून घेतलेला हा किस्सा आहे. त्यात साहिबां बाण मोडत नाही. ती भाता जंडाच्या झाडावर टांगते. ‘मेरा तरकश टंगिया जंड’, असे मिर्झाच तिला म्हणतो. जंड म्हणजे आपली शमी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे ठेवली ती शमीवर, हे दसऱ्याला तिची पूजा करणाऱ्या आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको. टांगलेले शस्त्र खाली काढता येते, मोडलेला बाण सांधता येत नाही, आणि दोन्ही कृतींमागचे मन एक नसते.

आता मिर्झाचे पुढचे बोल ऐकावेत, कारण मजकूर लिहिणाऱ्याने नेमके तेच गाळले आहेत. तो म्हणतो, की भाता हाताशी असता तर माझे तीनशे बाण मी स्यालांमध्ये, म्हणजे तुझ्या माहेरच्या कुळात, वाटले असते. पहिल्याने तुझा भाऊ शमीर मारला असता, आणि ज्याच्याशी तुझी सोयरीक झाली होती त्यालाही सोडले नसते. म्हणजे पहिला बाण कोणाच्या छातीत जाणार होता हे साहिबांला नुसते वाटत नव्हते, तर ते खरेच तसे होते आणि मिर्झाने मरताना ते स्वतःच्या तोंडाने सांगितले. जिच्यासमोर एकीकडे प्रियकर आणि दुसरीकडे पाठचे भाऊ आहेत, तिने कोणाचेच रक्त सांडू नये म्हणून शस्त्र दूर ठेवले, तर तिला दगाबाज कसे म्हणावे?

तिने केले ते चुकले, एवढे मात्र मी मान्य करते. भाऊ दया करतील हा तिचा अंदाज साफ खोटा ठरला आणि त्याची किंमत मिर्झाला जिवाने द्यावी लागली. पण चूक तिची एकटीची नव्हती. ठरलेल्या लग्नातून तिला बक्की नावाच्या घोडीवर बसवून आणल्यावर, आपले गाव दानाबाद अजून दूर असताना आणि स्याल मागावर असताना, आपल्याशी दोन हात करणारा कोणी जन्मलाच नाही अशा घमेंडीत झाडाखाली झोपी गेला तो मिर्झाच. पीलू अखेरीस म्हणतो, की भावांवाचून जट्ट मारला गेला, मिर्झाच्या संगतीला कोणी नव्हते. कवीने दिलेले हे कारण त्या मजकुरात औषधालाही नाही.

बायकांशी मैत्री करण्याला नावे ठेवणाऱ्या ओळी पीलूच्या किश्श्यात आहेत आणि त्या मजकुरात ‘कवीचा इशारा’ म्हणून दिल्या आहेत. त्या ओळी मिर्झाचा बाप वंझल घोड्यावर चढणाऱ्या मुलाला थांबवताना बोलतो. धास्तावलेल्या बापाचे बोलणे कवीच्या नावावर खपवणे हा खोटेपणा आहे. त्याच किश्श्यात तेल आणायला आलेल्या साहिबांला पाहून वाण्याचे भान हरपते आणि तो तेलाऐवजी मध ओततो. त्याचा दोष कवी तिच्यावर टाकत नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. साहिबां सुखरूप परतली, हे धादांत खोटे आहे. कुठे भाऊ तिचा गळा आवळतात, कुठे ती स्वतःला संपवते, पण कथेत तीही मरते. इतर प्रेमकथांतल्या नायिकांपैकी हीर आपल्या चुलत्याने, कैदोने, दिलेल्या विषाने मेली. सोहनी चिनाबमध्ये बुडाली ती नणंदेने भाजलेल्या घड्याच्या जागी कच्चा घडा ठेवला म्हणून. सस्सी आपल्या प्रियकराच्या, पुन्नूच्या, मागे वाळवंटात तडफडून मेली. यांतल्या कोणी पुरुषाचा घात केला, ते त्या मजकुराच्या लेखकाने दाखवावे.

नावांच्या क्रमाबद्दल मात्र त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे. हीर-रांझा, सोहनी-महिवाल, सस्सी-पुन्नू या जोड्यांत नायिका आधी येते आणि इथे मिर्झा आधी येतो. साहिबांला शिक्षा म्हणून असे झाले, असे पंजाबातही पुष्कळ लोक मानतात. लोक तिला दोष देत आले, एवढेच त्यावरून कळते. तो दोष खरा होता की नाही, हे किश्श्यातच पाहावे लागते, आणि तिथे भाता झाडाला टांगलेला आहे, त्यातले बाण शाबूत आहेत.

भाचीला मी मिर्झाचे ते तीनशे बाणांचे बोल फोनवरच वाचून दाखवले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “म्हणजे तिला दोघेही हवे होते.”