कर्ण कुठल्या कप्प्यात?

सोसायटीच्या वाचनालयाला कपाट मिळालं. कमिटीने पुस्तकं यायच्या आधीच लेबलं चिकटवून टाकली: वर ‘कथा-कादंबरी’, खाली ‘माहितीपर’. देणगीच्या पुस्तकांचे खोके जिन्याखाली पडलेले आणि ती लावायचं काम आमच्या कट्ट्याच्या गळ्यात. कट्टा म्हणजे कोथरूडातल्या चहाच्या टपरीसमोरची बसकी भिंत.

पहिलंच पुस्तक ‘श्यामची आई’.

“वर,” पम्या म्हणाला.

“का?” मास्तर. “साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून स्वतःचीच आई लिहिली ना?”

“मग ‘मी’ म्हणायचं. श्याम कशाला?”

‘स्मृतिचित्रे’ मात्र बिनविरोध खाली गेलं. पण ‘माहितीपर’ या लेबलाखाली लक्ष्मीबाई टिळक म्हणजे मला तरी थट्टाच वाटली. त्या बाईंइतका चटपटीत संवाद किती कादंबरीकारांना जमलाय? ‘एक होता कार्व्हर’ही खाली. मग पम्याने शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी ‘मृत्युंजय’ काढली, आणि पुढचा पाऊण तास त्यातच गेला.

पम्याने ते दहावीच्या सुट्टीत वाचलंय. कर्णाबद्दल बोलताना त्याचा आवाज अजून बदलतो. “हे वर आणि सगळ्यात पुढे. भर स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणते द्रौपदी. तिथेच महाभारत पेटलं.”

“ती म्हणालीच नाही,” मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले.

“काय?”

“भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य मूळ पाठात नाही, तळटिपेत आहे. १९१९ ते १९६६, सत्तेचाळीस वर्षं लोक हस्तलिखितं ताडून बघत होते. बाराशे एकोणसाठ हस्तलिखितं! उलट तिथले ब्राह्मण म्हणतात, कर्ण-शल्यांसारख्यांना जे धनुष्य वाकलं नाही, ते हा पोरगा, म्हणजे अर्जुन, काय वाकवणार?”

पम्याचा चेहरा असा झाला, जणू वाडीतल्या शेताचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर निघाला.

“आणि खोक्यात इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आहे, महाभारतातल्या माणसांवरचे लेख, ते वाच. घोषयात्रेत गंधर्वांपुढून कर्ण पळाला होता. इरावतीबाई त्याचे अजिबात लाड करत नाहीत.”

“मग सावंतांनी खोटं लिहिलं?”

“कादंबरी लिहिली,” शिल्पाताई मध्ये पडल्या. त्या मराठी शिकवायच्या. “कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण, सहा जण आपापली बाजू सांगतात. पुरावा कुठे मागतोस? आणि मास्तर, इरावतीबाई तरी नुसता पुरावा मांडतात का? गांधारीवरचं प्रकरण आठवा. म्हातारपणी रानात ती नवऱ्याशी बोलते, तिथे कुठलं हस्तलिखित समोर होतं?”

मास्तर गप्प. हे क्वचित घडतं, म्हणून नोंदवून ठेवतोय.

माझं मत कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. दोन्ही पुस्तकं १९६७ सालची. एकात कर्णावर अन्याय झाला म्हणून गळा दाटतो, दुसऱ्यात कर्ण नेमका कुठे कमी पडला ते कळतं. नुसतं ‘मृत्युंजय’ वाचणारा पम्या होतो, नुसतं ‘युगान्त’ वाचणारा मास्तर. आणि चहाचे पैसे दोघेही देत नाहीत.

शेवटी शिल्पाताईंनी नखाने दोन्ही लेबलं खरवडली. कमिटीचे सेक्रेटरी वरून गॅलरीतून बघत होते. संध्याकाळी ग्रुपवर नोटीस येणार हे नक्की.

खोक्यातल्या ‘युगान्त’ची मधली पंचवीसेक पानं वाळवीने खाल्लेली निघाली, नेमकी कर्णाचीच. पम्या म्हणाला, “मास्तर, तुमची प्रत द्या दोन दिवस.”

“पुस्तकं वनिता वित्तं परहस्तगतं गतम्,” मास्तरांनी सुरू केलं.

“त्यातला वनितेचा भाग तळटिपेत टाका,” शिल्पाताई म्हणाल्या, “आणि पुस्तक द्या त्याला.”