‘बोस्नियन भाषा १९९२ मध्ये जन्मली’? मग १६३१ चा कोश कुणाचा?

युगोस्लाव्हियाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘बोस्नियन ही ओळख १९९२ च्या युद्धात तयार झाली, भाषा म्हणजे सर्बियनवर ठोकलेली नवी पाटी, आणि बोस्नियाक (बोस्नियातले मुसलमान) म्हणजे तुर्की अमलात धर्म बदललेले सर्ब.’ तिन्ही विधानांत चिमूटभर खरं आहे, म्हणूनच ती सहज पचतात.

आधी भाषा, कारण खरा घोळ तिथेच आहे. बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावर ‘धूम्रपानाने जीव जातो’ हा इशारा तीन भाषांत छापलेला दिसतो: पुशेन्ये उबिया, पुशेन्ये उबिया आणि तिसऱ्यांदा पुन्हा पुशेन्ये उबिया, फक्त सिरिलिक (रशियनसारख्या) लिपीत. लोक हसतात, आणि ते हसण्यासारखंच आहे. बोस्नियन, सर्बियन, क्रोएशियन तिन्ही एकाच श्टोकावियन बोलीवर उभ्या आहेत, दुभाषा लागत नाही. पण मग ‘सर्बियन हीच मूळ’ हे कुठून आलं? बोली एक आणि नावं तीन, एवढंच यातून निघतं.

आणि ते नाव जुनं आहे. १६११ मध्ये मातिया दिवकोविच या फ्रान्सिस्कन पाद्र्याने व्हेनिसला धर्मशिक्षणाचं पुस्तक छापून घेतलं, बोसान्चित्सा या तिथल्या सिरिलिक वळणात. आपल्या लिखाणाची भाषा तो बोस्नियन म्हणून सांगतो. वीस वर्षांनी, १६३१ मध्ये, तुझ्ला भागातल्या मुहम्मद हेवाई उस्कुफीने अरबी लिपीत बोस्नियन-तुर्की कोश रचला, तोही पद्यात. एक कॅथलिक, एक मुसलमान; लिप्या दोन, भाषेचं नाव एकच.

‘हे तर ऑस्ट्रियाच्या कालाय साहेबांनी सोडलेलं पिल्लू,’ असंही ऐकू येतं. बोस्नियाचा कारभार पाहणारे ऑस्ट्रिया-हंगेरीचे मंत्री बेन्यामिन कालाय यांनी सर्ब आणि क्रोएट राष्ट्रवादाला शह म्हणून बोस्नियन ओळख पुढे रेटली, हे खरं. १८९० मध्ये सरकारने ‘बोस्नियन भाषेचं व्याकरण’ही छापलं. पण १९०७ मध्ये त्याच राजवटीने ते नाव काढून सर्बो-क्रोएशियन केलं. म्हणजे ज्यांनी नाव जन्माला घातलं म्हणतात, त्यांनीच ते पुसलं.

१९९० नंतरच्या व्याकरणकारांनी वेगळेपण दाखवायला ‘ह’ जरा जास्तच उचलून धरला, हे मान्य. पण तो त्यांनी हवेतून आणला नाही. सर्बियन काफा, क्रोएशियन कावा, आणि बोस्नियन काह्वा. आपला कहवाच की!

आता ओळख. २९ ऑगस्ट ११८९ रोजी कुलिन बानाने (बान म्हणजे तिथला शासक) दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांना आपल्या मुलखात मोकळेपणी फिरू देण्याचं लेखी वचन दिलं, त्यात तो स्वतःला ‘बोस्नियाचा बान’ म्हणवतो. पुढच्या सनदांत साक्षीदार ‘दोब्री बोश्न्यानी’ म्हणून येतात, म्हणजे भले बोस्नियन. अर्थात ते आजचे बोस्नियाक नव्हेत; हा शब्द मुलखाचा होता, धर्माचा नव्हे. उलट टोकाचे उत्साही लोक ११८९ पासून सरळ रेघ ओढतात, तेही चूकच. विसाव्या शतकात झालं ते इतकंच: १९७१ च्या जनगणनेत ज्यांना ‘मुस्लिम’ हे राष्ट्रीयत्व मिळालं, त्यांच्या प्रतिनिधींनी सप्टेंबर १९९३ मध्ये ‘बोश्न्याक’, म्हणजेच बोस्नियाक, हे जुनं नाव परत घेतलं.

राहिले ‘बाटलेले सर्ब’. १४६३ मध्ये बोस्नियाचं राज्य तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा बोस्नियात कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स होते आणि दोघांनीही पाखंडी ठरवलेल्या बोस्नियाच्या स्वतंत्र चर्चचे उरलेसुरले अनुयायीही होते. धर्मांतर पिढ्यानपिढ्या, या सगळ्यांतून झालं. त्या शेतकऱ्यांना सर्ब किंवा क्रोएट म्हणणं म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा चष्मा पंधराव्या शतकाला लावणं. त्यांच्या वंशजांना तर विचारलंही गेलं होतं. १९४८ च्या जनगणनेत त्यांच्यापुढे तीन पर्याय होते: सर्ब मुसलमान, क्रोएट मुसलमान किंवा ‘अनिर्णित’ मुसलमान. बहुसंख्यांनी अनिर्णित लिहिलं.