धोरण आपल्या दारी येतेच

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका लहान सेवाभावी संस्थेचा मी बारा वर्षे खजिनदार आहे. आमच्या कार्यकारिणीत एखाद्या कायद्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, ‘आपण समाजकार्य करावे, राजकारणात पडू नये.’ हा संकोच मला समजतो, पण पटत नाही. आपण धोरणाच्या वाटेला गेलो नाही, तरी ते आपल्या वाटेला येतच असते.

2020 साली परकीय देणग्यांच्या कायद्यात झालेली दुरुस्ती घ्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली गेली आणि एका संस्थेला मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे देण्यास संपूर्ण मनाई झाली. ज्या खेड्यातील संस्थेला स्वतःची परवानगी मिळवणे झेपत नाही, तिला मोठ्या संस्थेमार्फत मिळणारा आधार त्यामुळे तुटला. हिशेब चोख हवेत हे मला कोणी सांगायला नको. पण हिशेबनीसाचा पगार आणि कार्यालयाचे भाडे ज्या खर्चात धरतात, त्यालाच कात्री लावून चोख हिशेबाची अपेक्षा धरणे विचित्र आहे. ते विधेयक मांडल्यापासून दोन्ही सभागृहांत मंजूर होईपर्यंत आठवडाही लागला नाही. केंद्राच्याच 2014 च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे.

राजकारणाचा शिक्का बसून परकीय निधी जाईल, या भीतीचा मुद्दाही तपासून पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केले की सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने सार्वजनिक प्रश्नासाठी बंद वा हरताळ अशा सनदशीर मार्गाने पाठिंबा दिला, एवढ्यावरून तिचा परकीय निधीचा हक्क हिरावता येत नाही. मग मसुद्यावर लेखी सूचना पाठवण्यात कसले आले राजकारण? शिवाय नियम बदलतातही. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी दर पाच वर्षांनी करावे लागणारे नूतनीकरण लहान संस्थांसाठी 2025 च्या अर्थसंकल्पातून दहा वर्षांवर गेले.

गोव्याला हे नवीन नाही. राज्यातील 2011 पर्यंतचा जमीनवापर ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ लोकांच्या विरोधामुळेच 2007 च्या सुरुवातीला सरकारला मागे घ्यावा लागला. मात्र तेव्हा माणसे रस्त्यावर उतरली, ती आराखडा जाहीर झाल्यानंतर. मसुद्याच्या टप्प्यावर बोलण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही आणि त्यात दोष केवळ आपला नाही. राजपत्रातील इंग्रजी मसुदा मये किंवा साळ येथील महिला मंडळाने वाचावा, समजून घ्यावा आणि मुदतीत सूचना द्याव्यात, ही अपेक्षाच अवास्तव आहे. राज्य सरकारने सेवाभावी क्षेत्राशी संबंधित प्रत्येक मसुदा मराठीत आणि कोंकणीत, सोप्या गोषवाऱ्यासह, 30 दिवस खुला ठेवावा, अशी माझी मागणी आहे.

आमच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हाच ठराव मांडणार आहे. सूचक मी आहे. अनुमोदक अद्याप मिळायचा आहे.