चहा आठवतो, गोरेशास्त्री नाहीत

धर्मांतरबंदीच्या कायद्याचा विषय निघाला की आमच्या पुण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, मिशनऱ्यांनी आमिष दाखवून बाटवलं. दुसऱ्याचं, त्यांनी शाळा काढल्या म्हणून शिकलात.

मी राहतो बॉस्टनजवळ. इथे केंब्रिजमध्ये चार्ल्स नदीच्या काठी राल्फ ॲडम्स क्रॅमने आराखडा केलेला दगडी मठ आहे, एपिस्कोपल म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या अमेरिकी चर्चचा. मठ 'काउली फादर्स'चा. १८६६ मध्ये रिचर्ड बेन्सन या पाद्र्याने ऑक्सफर्डजवळच्या काउलीत व्रतस्थ पाद्र्यांचा हा संघ काढला. १८७० च्या दशकात त्यांची माणसं बॉस्टनला आली, तशी मुंबई-पुण्यालाही. आपलं पुण्याचं पंचहौद मिशन त्यांचंच.

मठात कुणीही राहायला जावं. जेवताना बोलायचं नाही. मीठ हवं तर खूण करायची. माझा धर्म कुणी विचारला नाही. पण यावरून आपल्याकडच्या लोकांना सहिष्णुतेचे धडे द्यायला मी धजत नाही. पुण्यात हेच फादर राज्यकर्त्यांच्या धर्माचे होते, तो संशय उगाच नव्हता.

पंचहौद म्हटलं की आपल्याला १८९० चा चहाच आठवतो. रानडे, टिळक मिशनमध्ये गेले, तिथे ख्रिस्त्यांकडचा चहा पुढे आला, गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली, ग्रामण्य म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद झाला, प्रायश्चित्तं झाली. मजेदार प्रकरण, वादच नाही. पण त्याच संघात नीळकंठशास्त्री गोरे होते, ते कुणाच्या गावी नाहीत. काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायला गेले आणि वाद घालता घालता १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. यात आमिष कुठलं? पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागेही त्यांच्या युक्तिवादाचा वाटा होता. उत्तरायुष्यात काउली फादर्सकडे नवदीक्षित म्हणून राहिले, कायमची व्रतं मात्र घेतली नाहीत. शंका शेवटपर्यंत सुटल्या नव्हत्या.

फसवून, धाकाने कुणाला बाटवलं तर शिक्षा व्हावीच. माझा आक्षेप आहे तो धर्म बदलण्याआधी सरकारला कळवण्याच्या अटीला. उत्तर प्रदेशात साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो. अमेरिकेत मी उद्या धर्म बदलला तर कुठल्या कचेरीत जावं लागणार नाही, आणि इथल्या आपल्या मंडळींना ते अगदी रास्त वाटतं. तीच मंडळी पुण्यासाठी मात्र अर्ज मागतात. गोरेशास्त्र्यांनी त्या अर्जावर कुठली तारीख घातली असती?