पेपर सुटला, आता मलाही सोडा

कुणी विचारलं होतं का तुला? तेवढंच सांग मला.

काल पाचला नीटचा, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, पेपर सुटला. बेळगावच्या त्या उन्हात आई गेटबाहेर उभी. आत सोडायच्या आधी कानातली आणि चमकी काढून मी तिच्याकडे दिली होती, ती तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती. ती गाठ सोडत होती, मी चमकी घालायला मान वर केलेली, आणि मागून तुझा, माझ्या मैत्रिणीचा, हात आला. माझ्या काखेतली प्रश्नपुस्तिका ओढून घेतलीस. "बायो बघूया की. बेडकाला काय लावलीस?"

बेडकाच्या प्रश्नाला मी दहा जोड्यांचा पर्याय लावला होता. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या दहा जोड्या. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. वाचलं, बरोबर दिसलं, गोल काळा केला, पुढं गेले. आणि तू त्या ओळीवर बोट ठेवून, आजूबाजूच्या चार आयांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतेस, "अगं, नॉट करेक्ट विचारलंय! चुकीचं कुठलं ते. युरिक आम्ल येतंय उत्तर. बेडूक युरिया टाकतो की."

टाकतो. मलाही माहीत आहे बेडूक युरिया टाकतो! अकरावीपासून माहीत आहे. एका 'नॉट'वरून नजर घसरली, आणि मिळायचे चार गेले, वर एक कापला. पाच मार्क. पण हे मला तिथं, त्या गेटवर कळून काय होणार होतं? ओएमआर, म्हणजे उत्तरांचा कागद, आत जमा. गोल पुसता येणार होता? पाच वाजेपर्यंत मी तीन तासांत १८० प्रश्न सोडवून आलेली मुलगी होते. पाच वाजून पाच मिनिटांनी मी बेडूक चुकलेली मुलगी झाले. रात्रभर तेवढी एकच झाले.

आणि हे सगळं बायोलाच का हो? फिजिक्स कुणी जुळवत नाही. तिथं सगळे गप्प, "कठीण होता" म्हणून मान हलवतात आणि संपतं. बायो मात्र प्रत्येकाच्या बापाची. ९० प्रश्न, ३६० मार्क, अर्धा पेपर, आणि प्रत्येकाला एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ पाठ. "डाव्या पानावर, आकृतीच्या खाली दिलंय ते." अरे, दिलंय ना? मग ठेव की तुझ्याजवळ!

त्यात कोडची अक्कल नाही. माझी पुस्तिका वेगळ्या कोडची, त्याची वेगळ्या कोडची, प्रश्नांचा क्रमच वेगळा. तरी एक जण कठड्यावर बसून मोठ्यानं वाचतोय, "एकशेबारा, तीन. एकशेतेरा, एक." आणि दहा जणी आपापल्या एकशेबाराला बघून रडकुंडीला आलेल्या. एकीनं तर खरंच डोळे पुसले. तिचा प्रश्नच दुसरा होता! मी जाऊन तिला सांगितलं, आणि त्याला चार शब्द सुनावले. चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

सहा वाजेपर्यंत व्हॉट्सॅपवर तीन क्लासच्या तीन उत्तरसूच्या. एका प्रश्नाला तिघांची तीन उत्तरं. ज्यांनी आम्हाला दोन वर्षं शिकवलं त्यांचंच एकमत नाही, आणि आम्ही त्यावर मार्क मोजत बसायचं. हे तीन धरलं तर इतके, ते दोन धरलं तर तितके.

अधिकृत उत्तरं आली तरी ती शेवटची असतात का? आमच्या ताईला विचारा. २०२४ ला तिनं कर्नाटकाची सीईटीही दिली, नीटही दिली. एप्रिलमध्ये सीईटी सुटल्यावर याच लोकांनी तिला गेटवर धरलं. आमच्या पुस्तकात हे नव्हतंच म्हणून ती रडत घरी आली, दोन दिवस जेवली नाही. नंतर सरकारनंच अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून ५० प्रश्न मोजणीतून काढून टाकले. दोन दिवसांचं ते जेवण कुणी परत दिलं तिला?

मग मेमध्ये नीट. फिजिक्समधला अणूचा तो प्रश्न, जुन्या एनसीईआरटीत एक, नव्यात दुसरं. ताईकडं मामाच्या मुलीचं जुनं पुस्तक. आमच्याकडं नवं घ्यायची पद्धत नाही, एक पुस्तक तीन घरं फिरतं. आधी दोन्ही उत्तरांना मार्क दिले, ४ जूनला निकाल लागला, घरात पेढे वाटले. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात, तिथून आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडं, त्यांनी सांगितलं एकच पर्याय बरोबर. ताईचे पाच मार्क गेले. चार लाखांवर पोरांचे गेले. निकाल लागल्यानंतर, जुलैमध्ये! जिथं कोर्टाला तज्ज्ञ बसवावे लागतात तिथं कठड्यावर बसलेला तो पोरगा ठामपणे सांगतो, "तीनच. शंभर टक्के तीनच."

अभ्यासक्रमाचं तर बोलूच नका. त्याच वर्षीचा छापील अभ्यासक्रम काढून बघा, कीटकाच्या शरीररचनेपुढं कंसात बेडूक लिहिलंय. बेडूक कीटक! डॉक्टर निवडणाऱ्या परीक्षेचा अभ्यासक्रम हा. तो छापणाऱ्यांना कुणी गेटवर गाठलं नाही, पुस्तिका ओढून विचारलं नाही. माझ्या एका 'नॉट'वर मात्र गाव गोळा.

होय, आणि तो 'नॉट' इंग्रजीतला होता, हेही ऐकून घ्या. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत. तंतुकणिका, हरितलवक, अर्धसूत्री विभाजन, हे माझे शब्द. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेले आणि एका रात्रीत सगळे शब्द बदलले. नीट मराठीत आहे, पण ती पुस्तिका महाराष्ट्रातल्या सेंटरवर. बेळगावात बसायचं तर इंग्रजी, हिंदी नाहीतर कन्नड. मराठी हवी असेल तर कोल्हापूर गाठा, आदल्या दिवशी मुक्कामाला. आणि गाठलं तरी काय, दोन वर्षं इंग्रजीत घोकलेलं तिथं ऐनवेळी मराठीत कसं ओळखायचं? मी इंग्रजीच घेतली. तीन तास डोक्यात एक भाषा, कागदावर दुसरी. नजर घसरते. घसरणारच. आणि त्यावर मागच्या सीटवरचा कुणाचा तरी काका म्हणतो, "मराठी शाळेतल्या पोरांचं असंच होतंय बघा." तुम्ही कुठल्या शाळेत गेला होता, काका?

हे बसमधलं. खानापूरची बस, बायकांच्या फुकट तिकिटामुळं पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टर म्हणतो आधार तोरस्री, मी आधार काढते तर त्याच्याबरोबर नीटचं प्रवेशपत्र बाहेर येतं, आणि शेजारची बाई सुरू. किती पडतील? सरकारी मिळेल काय? नाही मिळालं तर परत बसणार काय? अहो मावशी, मी सकाळी दहाला खाल्लेली आहे. मला पडायला जागा द्या.

घरी आले तर उंबऱ्यात शेजारच्या काकू. मग आत्याचा फोन. आप्पांनी तो माझ्याकडं दिलाच नाही. "ती झोपली," म्हणाले. मी समोर बसलेली होते. काल दिवसभरात एवढ्या एका माणसाला कळलं.

पुस्तिका मी तांदळाच्या डब्यात खाली घातली आहे. अधिकृत उत्तरं येतील तेव्हा काढीन, एकटी बसून बघीन, एखादं चुकीचं वाटलं तर प्रश्नाला दोनशे रुपये भरून हरकतही घेईन. ते माझं मी करीन. तोवर मला कुणी बायो विचारायचं नाही. मैत्रीण असलीस तरी नाही. तूच तर नाही.

आईनं पहाटे चारला उठून चपात्या आणि बटाट्याची भाजी केली होती, पेपर झाल्यावर दोघी खाऊ म्हणून. साडेअकरापासून पाचपर्यंत तो डबा मांडीवर घेऊन ती गेटसमोरच्या फुटपाथवर बसली होती. स्वतः घास खाल्ला नाही. बेडकानंतर मला तो गिळवला नाही. तिनंही उघडला नाही. दोघी तशाच बसमध्ये चढलो. रात्री तिनं काही न बोलता सगळं म्हशीच्या आंबोणात ओतलं आणि डबा घासायला बसली.