‘८६ हजारांच्या मालाचे ११ हजार’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की, कॉस्मेटिक्सच्या डायरेक्ट सेलिंगचं (कंपनीचा माल घेऊन ओळखीपाळखीत विकायचं) काम सोडल्यावर घरात उरलेला ८६,००० रुपये एमआरपीचा माल, असा माल विकत घेणाऱ्या आमच्या दुकानात आणला, आम्ही ११,०५० रुपये हातावर टेकवले, निम्मा माल परत केला आणि त्याचं पुढे काय करायचं तेही सांगितलं नाही. याला तुम्ही लूट म्हटलंय. कंपनीकडून २५ टक्के सवलतीत घेतलेल्या या मालात तुमचे साडेचौसष्ट हजार अडकले होते, तेव्हा राग येणारच. म्हणूनच सगळा हिशेब इथे उघड मांडतोय. असाच माल कपाटात घेऊन बसलेल्या बाकीच्या बायकांनाही तो उपयोगी पडावा.

तुमच्या पावतीवर मालाचे तीन भाग दिसतील. एक्सपायरीला वर्षाहून जास्त अवकाश असलेला, सील शाबूत, सध्याच्या कॅटलॉगमधला माल ३१,००० रुपये एमआरपीचा होता. त्याला २५ टक्के, म्हणजे ७,७५० दिले. सहा महिने ते वर्षभर मुदत उरलेला माल २२,००० चा. त्याला १५ टक्के, म्हणजे ३,३००. उरलेला ३३,००० चा परत केला. तो निम्मा नाही, ३८ टक्के आहे.

आता २५ टक्केच का? तुमच्याकडची लिपस्टिक तुमच्याच सोसायटीतली दुसरी सल्लागार, म्हणजे त्याच कंपनीचा माल विकणारी, एमआरपीवर २०-२५ टक्के सोडून देते, शिवाय कंपनीच्या ऑफर वेगळ्या. त्यामुळे आमच्या काउंटरवर गिऱ्हाईक निम्म्याच्या खाली भाव आला तरच हात लावतं. १०० रुपये एमआरपीची वस्तू आम्ही सरासरी ४५ ला विकतो. लिपस्टिक, फाउंडेशन, क्रीम यांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ४५ मधले ६.८६ सरकारजमा. तुम्ही जीएसटीत नोंदलेल्या नाही, त्यामुळे तुमच्याकडून घेतलेल्या मालावर कराची वजावट (क्रेडिट) आम्हाला मिळत नाही. राहिले ३८.१४. त्यातले २५ तुम्हाला गेले. जे १३ उरतात त्यात भाडं, पगार आणि न विकता मुदत संपलेल्या मालाचा भुर्दंड. रोख नको, विक्रीवर ठेवा, असा पर्यायही पावतीच्या मागे छापलाय. त्यात ३० टक्के मिळतात, पण वस्तू विकली गेल्यावरच.

परत केलेल्या मालाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नुकसान तिथेच जास्त आहे.

१४,००० चा माल सहा महिन्यांच्या आत संपणारा होता. ५० मिलीचं क्रीम रोज लावलं तरी संपायला दोन-तीन महिने लागतात. दुकानात त्याआधी दोन-तीन महिने पडून राहिलं, की गिऱ्हाइकाच्या हातात मुदत संपलेली डबी जाते. ५,५०० च्या वस्तूंचं सील तुटलेलं होतं. क्रीमच्या तोंडावरची पन्नी अर्धी उचकटलेली, लिपस्टिकची तिरकी धार बोथट झालेली. एकदाच दाखवायला उघडली असली, तरी ती ओठांना लावायची वस्तू आहे. ४,००० चे फाउंडेशन बंद झालेल्या शेडचे.

आणि ९,५०० च्या बाटल्यांच्या तळाचा बॅच नंबर ब्लेडने खरवडलेला होता. हे तुम्ही मनानं केलं नसणार. माल कुठल्या आयडीवर (सल्लागाराच्या नोंदणी नंबरवर) निघाला हे कंपनीला त्या कोडवरून कळतं, म्हणून विकण्याआधी तो घालवा, असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतो. कृपा करून कुणीही तो ऐकू नका. कॉस्मेटिक्स नियम, २०२० प्रमाणे लेबलवर बॅच नंबर आणि वापराची अंतिम मुदत असावीच लागते. खरवडलेली बाटली कुठलाही सरळ दुकानदार घेणार नाही. त्या ९,५०० पैकी बराच माल आतून उत्तम होता. ब्लेड लागलं नसतं तर त्याला पहिल्या गटाचा भाव मिळाला असता.

आता पुढचं. आमच्यासारखं दुकान हा शेवटचा पर्याय आहे, पहिला कंपनीच. २८ डिसेंबर २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांत ‘विक्रीयोग्य’ मालाची व्याख्या आहे: न वापरलेला, बाजारात चालणारा, मुदत न संपलेला, आणि हंगामी, बंद केलेला किंवा खास ऑफरमधला नसलेला. परत-खरेदीची मुदत आणि वजावट तुमच्या करारात लिहिलेली असते, ती बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजतात. म्हणून काम सोडायचं ठरलं की त्याच आठवड्यात लेखी राजीनामा ईमेलनं पाठवा, सगळी बिलं डाउनलोड करून ठेवा (आयडी बंद झाला की ती दिसत नाहीत) आणि दर महिन्याला आपोआप जाणारी ऑर्डर चालू असेल तर बंद करा. माल परत गेला की त्यावर दिलेलं कमिशन कंपनी सहसा कापून घेते, तुमचं आणि तुमच्या वरच्या फळीचंही, म्हणजे तुम्हाला या कामात आणणाऱ्यांचंही. ‘परत कशाला करतेस, विकला जाईल हळूहळू’ हा आग्रह वरून होतो त्याचं एक कारण हे आहे. महिनाअखेरीला कंपनीतली आपली लेव्हल (दर्जा) टिकवण्यासाठी घेतलेला माल असाच पडून राहतो आणि त्याची मुदत चालूच असते. बायकांचे कष्टाचे पैसे असे डब्यांत अडकतात याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

कंपनी घेणार नाही तो माल जुन्या गिऱ्हाइकांना द्या. त्याआधी वहीत यादी करा: नाव, शेड, बॅच, एक्सपायरी, एमआरपी, नग. ट्यूबवर तारीख शेवटच्या दाबलेल्या पट्टीवर उमटवलेली असते, उजेडात तिरकी धरली की दिसते. यादी एक्सपायरीच्या क्रमानं लावली की काय आधी काढायचं ते समोर येतं. सुटे नग विकण्यापेक्षा क्लेन्झर-टोनर-क्रीम असा संच ४० टक्के सोडून द्या. लिप बाम, ३० मिलीची हँड क्रीम एकसारखी पंधरा-वीस असतील तर संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाच्या वाणाला एकगठ्ठा जातात. त्यासाठी डिसेंबरातच विचारणा करा. पार्लरवाल्या मसाज क्रीमचे मोठे डबे घेतात, एका शेडचं फाउंडेशन घेत नाहीत. गडद लाल लिपस्टिक, काजळ, कॉम्पॅक्ट शाळांच्या गॅदरिंगच्या वेळी खपतात. दिवाळीचे गिफ्ट सेट मात्र दिवाळीआधीच काढा, नंतर ते फोडून सुटे विकावे लागतात.

कमी किमतीचं स्टिकर लावायचं असेल तर मूळ एमआरपी झाकू नका. ‘विक्रीसाठी नाही’ छापलेले नमुने विकू नका, भेट द्या. नेलपेंट आणि परफ्यूम ज्वलनशील असतात, विमानानं जाणाऱ्या पार्सलात ते चालत नाहीत, गावातच द्या. राजीनामा दिल्यावर कंपनीचा लोगो किंवा ‘अधिकृत सल्लागार’ हे शब्द जाहिरातीत वापरू नका.

साठवण हाही मोठा मुद्दा आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर एक उन्हाळा काढलेल्या मालाची छापील तारीख गृहीत धरू नये. लिपस्टिकवर तेलाचे थेंब आले म्हणजे ती उष्णतेनं घामेजली आहे. तेल पुसलं की ती पुन्हा विकता येते असं नाही, वास खवट असेल तर टाकूनच द्या. क्रीमला पाणी सुटलं असेल तर ढवळून देऊ नका. व्हिटॅमिन सी सीरम पारदर्शक किंवा फिकट पिवळं हवं, तपकिरी झालं की संपलं. सनस्क्रीन मुदतीनंतर फुकटसुद्धा कुणाला देऊ नका, लावणाऱ्याला संरक्षण आहे असं वाटतं आणि ते नसतं. माल कोरड्या, अंधाऱ्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा.

तुमच्या १४,००० च्या अल्पमुदतीच्या मालात सनस्क्रीन आणि सीरमच जास्त आहेत. ते याच महिन्यात संचात घालून काढा, पावडर आणि काजळ नंतर. बॅच खरवडलेल्या बाटल्या विकायला ठेवू नका, सील शाबूत असतील आणि खोक्यावर तारीख दिसत असेल तर घरी वापरा. आणि गेल्या काही महिन्यांतली बिलं सापडली तर आमच्याकडे घेतलेल्या ३१,००० च्या मालातलं काय कंपनीकडे परत जाऊ शकतं ते पाहू. जे आमच्या काउंटरवर अजून विकलं गेलेलं नाही, ते आम्ही दिलेल्याच किमतीला तुम्हाला परत देऊ, वर एक रुपयाही घेणार नाही. येताना पावती आणा.