होमरचे देव आणि मंगळ

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' आणि 'ओडिसी' या महाकाव्यांवर विज्ञानकथा रचणं म्हणजे अभिजात साहित्याची मोडतोड, असं ठामपणे म्हणणारे वाचक बरेच आहेत. मला अगदी उलट वाटतं. आजच्या काळात होमरच्या देवांना कोणी खरोखर मनावर घेतलं असेल, तर ते विज्ञानकथाकारांनी.

डॅन सिमन्सची 'इलियम' ही कादंबरी २००३ साली आली. तिच्यात 'इलियड'मधलं ग्रीकांचं ट्रॉय नगराशी युद्ध पेटलेलं आहे आणि देवांचा मुक्काम मंगळावर, ऑलिंपस मॉन्सवर आहे. (हा पर्वत खराखुरा आहे, सुमारे २२ किलोमीटर उंच, एव्हरेस्टच्या जवळजवळ अडीचपट.) देवांचं क्षणात इकडून तिकडे जाणं, रूप पालटणं, जखमा भरून येणं, या सगळ्यामागे तंत्रज्ञान आहे. त्यांनी काही मेलेल्या अभ्यासकांना पुन्हा जिवंत करून कामाला लावलंय. थॉमस हॉकनबेरी हा त्यांतला एक, विसाव्या शतकातला प्राध्यापक. समोरचं युद्ध 'इलियड'बरहुकूम चाललंय की नाही, हे बघून कळवायचं, ही त्याची नोकरी.

ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर कोणाच्या हातून मरणार, त्याचं प्रेत रथाला बांधून कसं फरफटवलं जाणार, हे या माणसाला तोंडपाठ आहे. आणि तोच हेक्टर त्याच्या डोळ्यांदेखत चालत जातोय! होमरचे श्रोतेही याच जागी बसलेले असायचे. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात हेक्टर रणातून घरी येतो. शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून त्याचं तान्हं पोर घाबरून रडायला लागतं. आईबाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण उतरवून जमिनीवर ठेवतो, मग पोराला उचलून घेतो. आणि आपल्याला ठाऊक असतं, हा बाप आता फार दिवसांचा सोबती नाही. तिथे हजर असलेल्या जाणत्या माणसाला मध्ये पडता आलं असतं तर? सिमन्स ही 'तर' शेवटपर्यंत लावून धरतो. हॉकनबेरी मध्ये पडतो, त्यातून काय होतं ते मी सांगत नाही.

याच कादंबरीत गुरूच्या चंद्रांवरून निघालेले माहनमट आणि ऑर्फू हे दोन यंत्रजीव आहेत. एकाला शेक्सपिअरच्या सुनीतांचं वेड, दुसऱ्याला फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तचं. मंगळाजवळ हल्ला होतो, ऑर्फूचे डोळे जातात, हातपाय तुटतात, तरी माहनमट त्याला सोडत नाही. दोघं साहित्यावर वाद घालत पुढे सरकत राहतात. 'इलियड'मधल्या अकिलिस आणि पॅट्रोक्लस या ग्रीक योद्ध्यांमधल्या मैत्रीची इतकी खरी आठवण मला दुसऱ्या कुठल्या आधुनिक पुस्तकाने करून दिलेली नाही.

आणि यंत्रं होमरला परकी कुठे आहेत? 'इलियड'च्या अठराव्या सर्गात लोहारदेव हेफेस्टसच्या घरी स्वतःहून चालणाऱ्या तिवया आहेत, सोन्याच्या दासी आहेत, त्यांना बुद्धी आहे, वाचा आहे. 'ओडिसी'त फिएशियन लोकांची जहाजं सुकाणूशिवाय माणसाच्या मनातलं ओळखून चालतात. यावरून ग्रीकांकडे रोबो होते असं कोणी म्हणू नये. आपल्याकडे असल्या दाव्यांनी पुराणांचं काव्य झाकोळतं. ते कवीला सुचलं, हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

२००४ च्या 'ट्रॉय' चित्रपटाने देवांना जवळजवळ रजाच दिली. देव वगळले की उरते ती राजकारणाची आणि मानापमानाची लढाई. विज्ञानकथा देवांना ठेवते, त्यांचे हेवेदावे ठेवते, आणि अमर असलेल्यांना माणसाच्या मरणाची किंमत कळते का, हा होमरचाच प्रश्न पुन्हा पुढे आणते.

सगळंच जमतं असं नाही. २००५ चा पुढचा भाग 'ऑलिम्पोस' पसरट झालाय, धागे फार आणि गाठी सैल. आर. ए. लॅफर्टीची 'स्पेस चँटी' (१९६८) आटोपशीर आहे. 'ओडिसी'चा नायक ओडिसियस याची भटकंती ती अवकाशात नेते, आणि आपल्या सफरी रंगवून सांगणाऱ्या ओडिसियसची फुशारकी तिने नेमकी पकडली आहे.

महाभारताच्या नव्या मांडण्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे जड जाऊ नये. मात्र आधी 'इलियड'चे सहावा, अठरावा आणि चोविसावा हे सर्ग तरी वाचा. एमिली विल्सनचं २०२३ चं इंग्रजी भाषांतर सहज वाचता येतं. मग 'इलियम' उघडा, आणि पहिली शंभरेक पानं गोंधळ उडाला तरी सोडू नका.